डोंगरवाटेवरचा शेजारी
(धर्मग्रामाच्या महोत्सवी सभेंत केलेल्या भाषणाचा मजकूर)



महोत्सवाच्या या शुभप्रसंगीं बोलण्यासाठीं आम्हीं जो विषय निवडला आहे तो कित्येकांस चमत्कारिक वाटेल, हें आम्ही प्रथमच कबूल करतों. अशा सभेंत चर्चच्या पायाभरणीचा इतिहास सांगावा, दिवंगत धर्मगुरूंचें स्मरण करावें, दात्यांचे आभार मानावे, हा प्रघात आहे. आणि तें कार्य आमच्याहून योग्य वक्त्यांनीं आज पार पाडलेंच आहे. डोंगरांत पाय मोडलेल्या एका परक्या माणसाची हकीगत या मंडपांत कोठून आली, असें कोणी विचारील. तिचें उत्तर असें कीं, गतवर्षीं पावसाळ्यांतल्या एका रविवारीं सायंकाळच्या मिस्सेला आपला गायनवृंद हजर नव्हता. पेटीवाल्यांनीं एकट्यानेंच दोन गीतें कशींबशीं निभावून नेलीं, आणि बाकीची मिस्सा गायनावांचून झाली. त्या दिवशीं कांहीं वडील मंडळी रुष्ट झाली, व तो रोष अद्याप पुरता मावळलेला नाहीं, हें आम्हांस ठाऊक आहे. मुलांनीं आपली बाजू कधीं मांडली नाहीं. ती आज आम्ही मांडणार आहों.

परंतु तत्पूर्वीं आमचा स्वतःचा एक अपराध सांगणें प्राप्त आहे. कारण त्यावांचून पुढील गोष्टीचें मर्म ध्यानांत येणार नाहीं.

सुमारें २५ वर्षांपूर्वींची गोष्ट. कल्याण-डोंबिवलीच्या एखाद्या गच्चीवर उभें राहून दक्षिणेकडे पाहिलें म्हणजे मलंगगडाचा जो तुटक, उभ्या कड्यांचा माथा दिसतो, त्याच्या उतारावरून आम्ही पांच मित्र भर पावसांत उतरत होतों. एकाचा पाय शेवाळावरून घसरला आणि तो सात-आठ हात खालीं एका धोंड्यावर आदळला. नडगी मोडली आहे हें पाहतांच कळत होतें; मात्र कातडी शाबूत होती, रक्ताचा थेंब नव्हता. त्या वेळीं आम्हीं काय केलें? दोघांनीं त्याच्या काखेंत हात घातले, तिसऱ्यानें "ऊठ, कांहीं झालेलें नाहीं" म्हणून धीर दिला, आणि त्यास त्याच पायावर उभें केलें. मोडलेल्या हाडाचें टोंक कातडी फाडून बाहेर आलें. त्या जखमेंत डोंगराचा चिखल गेला. पुढें हाडांत पू झाला, तीन शस्त्रक्रिया झाल्या, परीक्षेचें वर्ष बुडालें, आणि तो पाय आजही दुसऱ्याहून आखूड आहे. ज्या डॉक्टरांनीं त्यास प्रथम तपासलें ते आमच्याकडे वळून म्हणाले, "हाड डोंगरानें मोडलें, जखम मात्र तुमची." तो मित्र आज समोरच बसला आहे, व त्याची अनुज्ञा घेऊनच हें आम्ही सांगत आहों.

आम्हांस दया नव्हती असें नाहीं. दया पुष्कळ होती, व तीच आम्हांस घाई करवीत होती. पडलेला माणूस पडलेला पाहवत नाहीं. त्यास उठवून बसविलें, चार पावलें चालविलें, म्हणजे आपल्याच जिवास बरें वाटतें. शहरांत ही चूक कदाचित् निभावतेही, कारण १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका रस्त्यापर्यंत येते व जाणता मनुष्य लवकर भेटतो. डोंगरांत तसें नाहीं. तेथें मदत पायींच येते. निरोप पायीं जातो, माणसें पायीं चढतात, जखमी पायींच खालीं नेला जातो. त्या मधल्या तीन-चार तासांचा धनी जो कोणी जवळ उभा असेल तोच.

या अनुभवानंतर आम्ही कांहीं जणांनीं प्रथमोपचाराचें रीतसर शिक्षण घेतलें, आणि पुढें आपल्या चर्चच्या मागील दालनांत तरुणांसाठीं वर्ग सुरू केला. त्या वेळीं एक आक्षेप निघाला होता, तो आजही अधूनमधून ऐकूं येतो: हें काम ख्रिस्तसभेचें कीं इस्पितळाचें? आक्षेप घेणाऱ्यांचा हेतु चांगला होता, म्हणून त्यास थोडें उत्तर देतों.

ठाण्याच्या मासुंदा तलावाजवळचें पुरातन चर्च ज्या संत योहान बाप्तिस्त्याच्या नांवाचें आहे, त्याच संताच्या नांवाचें एक रुग्णालय अकराव्या शतकांत यरुशलेम नगरांत होतें. थकलेले, आजारी यात्रेकरू तेथें येत. त्यांची सेवा करणाऱ्या बंधूंच्या संघास १११३ सालीं पोप दुसरे पास्कल यांनीं मान्यता दिली. पुढें १८७७ सालीं इंग्लंडांत सेंट जॉन ॲम्ब्युलन्स असोसिएशन निघाली, ती हेंच नांव आणि तोच आठ टोंकांचा पांढरा क्रूस घेऊन. रेल्वेवरच्या व खाणींतल्या कामगारांस अपघाताच्या जागींच काय करावें तें शिकविणें हा तिचा उद्देश. आज जगभर प्रथमोपचाराचे जे वर्ग चालतात, त्यांचा एक मोठा झरा येथून निघाला. संस्था प्रॉटेस्टंट देशांतली खरी, पण नांव आपल्याच घरचें आहे.

आणि डोंगराविषयीं म्हणाल तर, आल्प्स पर्वतांत २,४६९ मीटर उंचीच्या खिंडींत संत बर्नार्ड यांनीं अकराव्या शतकांत धर्मशाळा स्थापन केली, व तेथील धर्मगुरू शेंकडों वर्षें बर्फांत हरवलेल्या वाटसरूंना शोधून आणीत राहिले. त्यांचे कुत्रे तर जगप्रसिद्ध झाले. धर्मगुरूंची नांवें फारशीं कोणास ठाऊक नाहींत. याच संतास पोप अकरावे पायस यांनीं १९२३ सालीं गिर्यारोहकांचे आश्रयदाते ठरविलें. हे पोप स्वतः पट्टीचे गिर्यारोहक होते. १८८९ सालीं, तरुण धर्मगुरू असतांना, ते माँटे रोझा पर्वताच्या सर्वोच्च शिखरावर पूर्वेकडील अवघड बाजूनें चढले, व त्या मोहिमेंत त्यांनीं एक रात्र उघड्या कड्यावर कुडकुडत काढली. तेव्हां डोंगर चढणारीं मुलें देवळापासून दूर जातात, असें म्हणणाऱ्यांनीं हें एक उदाहरण तरी ध्यानांत ठेवावें.

पण या साऱ्याहून जवळचें उत्तर लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायांत आहे. दयाळू शोमरोन्याचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. इतका कीं, त्यांतील कृतीकडे आपलें लक्षच जात नाहीं. यरुशलेम डोंगरावर, यरीहो समुद्रसपाटीच्याही खालीं. ती सारी वाट ओसाड उताराची. शोमरोनी प्रथम जवळ गेला. मग त्यानें जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, म्हणजे त्या काळच्या समजुतीप्रमाणें जखम धुतली व शांत केली. मग पट्ट्या बांधल्या. त्यानंतरच, आणि त्याच्या आधीं नव्हे, त्यास आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेंत नेलें. रात्रभर जवळ राहिला, आणि निघतांना उतारशाळेच्या मालकास दोन दीनार दिले. संत लूक हे वैद्य होते; म्हणूनच कीं काय, क्रम इतका चोख उतरला आहे. आमच्या वर्गांत आम्ही पहिल्या दिवशीं हाच दाखला वाचतों, व मग फडकीं काढतों.

आतां त्या रविवारची गोष्ट.

शनिवारच्या सायंकाळीं मिस्सा करून आपलीं नऊ मुलेंमुली, पांच मुलगे व चार मुली, रविवारीं पहांटेच्या लोकलनें आसनगांवास गेलीं, व तेथून माहुलीच्या पायथ्याशीं. माहुली हा आपल्या ठाणें जिल्ह्यांतील मोठा किल्ला. शहापूर तालुक्यांत आहे. १६३६ च्या सुमारास शहाजीराजांनीं याच किल्ल्याच्या आश्रयानें मोगल व आदिलशाही फौजांशीं शेवटची झुंज दिली. पायथ्यापासून दाट रान, मग दमछाक करणारी चढण, आणि माथ्याजवळ एक लोखंडी शिडी. मुलें दुपारीं बारानंतर शिडी उतरून खालीं येत होतीं. सायंकाळीं साडेसहाच्या मिस्सेला गावयाचें असल्यानें तीं घाईंतच होतीं.

शिडीच्या खालीं कांहीं अंतरावर दुसऱ्याच एका मंडळींतला तिशीचा तरुण ओल्या खडकावरून घसरून पडला होता. कपाळास खोंक पडून चेहरा रक्तानें भरला होता, उजवा पाय गुडघ्याखालीं वांकडा दिसत होता. त्याचे चार सोबती त्याच्याभोंवतीं होते, आणि त्यांतले दोघे त्याच्या काखेंत हात घालीत होते. आम्ही जेथें २५ वर्षांपूर्वीं उभे होतों तेथेंच तेही उभे होते.

आपल्या मंडळींत परिचर्येचें शिक्षण घेणारी एक मुलगी आहे. इतरांहून वयानें लहान, व वर्गांत क्वचितच बोलणारी. ती ओरडली, "थांबा! त्यांना हलवूं नका." सोबत्यांपैकीं एकानें रागानें विचारलें, "तुम्ही डॉक्टर आहांत का?" ती म्हणाली, "नाहीं, म्हणूनच उचलीत नाहीं." हें उत्तर आम्हीं तिला शिकविलेलें नव्हतें.

पुढें काय झालें तें एका वहीच्या पानावर आहे, कारण वेळ लिहून ठेवणें हा वर्गाचा नियम. तें पान आज आम्हीं सोबत आणलें आहे. १२ वाजून ३५ मिनिटांनीं तीं तेथें पोंचलीं. प्रथम वर पाहिलें, आणखी दगड सुटून येणार नाहींत ना, म्हणून. मग त्या मुलीनें जखमीस आपलें नांव सांगून "मदत करूं का?" असें विचारलें. शुद्धीवर असलेल्या माणसास विचारावेंच लागतें. आणि विचारल्यानें आणखी एक लाभ होतो, तो असा कीं, उत्तर आलें म्हणजे श्वास चालू आहे व डोकें ठिकाणावर आहे हें आपोआप कळतें. एका मुलानें त्याचें डोकें दोन्ही हातांनीं स्थिर धरलें. दुसऱ्यानें स्वच्छ फडकें कपाळावर दाबून धरलें, व घड्याळ लावून दहा मिनिटें तें उचललें नाहीं. रक्त थांबलें कीं नाहीं म्हणून दर अर्ध्या मिनिटास फडकें उचलून पाहण्याचा मोह मोठा असतो, आणि त्यामुळेंच धरत आलेली खपली पुन्हां पुन्हां निघते.

मान व पाठ हलकेंच चांचपून पाहिली, दुखत नव्हती. दोन्ही हातांचीं व धडक्या पायाचीं बोटें हलत होतीं. मग मोडक्या पायाकडे वळलीं. बुटाचे बंद सैल केले, बोटांस स्पर्श कळतो ना व तीं ऊन आहेत ना तें पाहिलें. दोन काठ्या, घडी केलेलें घोंगडें, तीन त्रिकोणी फडकीं व एक ओढणी, एवढ्या साहित्यावर पाय मांडीपासून टाचेपर्यंत बांधला. गांठी बाहेरच्या बाजूस, मोडल्या जागेवर एकही नाहीं. बांधल्यावर बोटें पुन्हां पाहिलीं, आणि पुढें दर पंधरा मिनिटांस पाहिलीं, कारण सुजेनें आवळलेली पट्टी पायाचा रक्तप्रवाह बंद करूं शकते. त्याचा ओला सदरा काढून कोरडा घातला. अंगाखालीं पाला व त्यावर दोन रेनकोट पसरले. पावसाळ्यांत माणूस वरच्या पावसानें जितका गारठतो त्याहून अधिक खालच्या ओल्या जमिनीनें गारठतो. ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. कोणीतरी चहाची बाटली पुढें केली, ती परत पाठविली; शस्त्रक्रिया करावी लागेल तर पोट रिकामें असलेलें बरें. पानावर नाडीचे ठोके लिहिले आहेत: प्रथम ११२, वीस मिनिटांनीं ९६.

तेथें मोबाईलला रेंज नव्हती. म्हणून १२ वाजून ५० मिनिटांनीं दोघांना चिठ्ठी देऊन खालीं पाठविलें. चिठ्ठींत जागा, इजा, जखमीची स्थिति, वेळ आणि काय हवें तें लिहिलें होतें. तोंडी निरोप डोंगर उतरेपर्यंत बदलतो. आमच्या मलंगगडच्या वेळीं "पाय मोडला" हा निरोप खालीं पोंचला तेव्हां "एक जण गेला" असा झाला होता, आणि घरीं जें व्हावयाचें तें झालें.

सव्वा वाजेपर्यंत करण्यासारखें सर्व झालें होतें. आतां प्रश्न मिस्सेचा होता. चार जण लगेच निघाले असते तर साडेसहापर्यंत पोंचले असते. मुलांनीं तेथें त्यावर खल केला, हें आम्ही मुद्दाम सांगतों. मिस्सेची त्यांना पर्वा नव्हती असा जो समज झाला तो खरा नाहीं. हिशेब त्यांनीं असा केला: निसरड्या वाटेनें माणूस उचलून न्यावयाचा म्हणजे एका वेळीं सहा जण हवेत, दर थोड्या अंतरावर पाळी घ्यावयास आणखी सहा, आणि पुढें वाट मोकळी करावयास दोन. नऊ व त्या तरुणाचे चार सोबती मिळून तेरा होत होते, त्यांतले दोघे खालीं गेलेले. चार गेले असते तर सात उरले असते. गायनवृंदाचा प्रमुखच म्हणाला, "कोणी जाऊं नये." निरोप मात्र चिठ्ठीबरोबर पाठविला होता. तो सॅक्रिस्टनच्या फोनवर वेळेंत आला, पण फोन मिस्सेसाठीं बंद केलेला असल्यानें वाचला गेला मिस्सा संपल्यावर. या बाबतींत दोष कोणाचाच नाहीं.

पावणेतीनच्या सुमारास पायथ्याच्या पाड्यावरचे सहा आदिवासी बांधव वर आले. त्यांच्याजवळ एक जाड बांबू, एक गोधडी व दोर होता. पांचच मिनिटांत त्यांनीं झोळी बांधली. आपल्या मुलांनीं वर्गांत दोन बांबूंवर सदरे चढवून स्ट्रेचर करण्याची तालीम घेतली होती, व ती रीत त्यांनीं उत्साहानें सांगूं पाहिली. त्या सहांपैकीं वडील गृहस्थ हंसले व म्हणाले, "वाट एका माणसाच्या रुंदीची आहे; तुमचे दोन बांबू झाडांत अडकतील." तें खरें होतें. येथें एक इशारा दिला पाहिजे. झोळींत पाठ वांकते. म्हणून मान किंवा कणा दुखावल्याची शंका असेल तर झोळी वापरूं नये, तेथेंच थांबून कठीण स्ट्रेचरची वाट पाहावी. त्या मुलीनें पाठ आधींच तपासलेली होती, म्हणूनच तिनें होकार दिला.

ती उतरण अडीच तास चालली. पाय पुढें, डोकें चढाच्या बाजूस. दर शंभर पावलांस खांदा बदलणें. ओढ्यापाशीं सर्वांनीं हातांची सांखळी करणें. साडेपांचास झोळी गांवांत टेकली, तेथें १०८ ची रुग्णवाहिका उभी होती. वहीचें तें पान डॉक्टरांच्या हातीं दिलें. त्यांनीं तें वाचून खिशांत ठेविलें व नंतर आठवणीनें परत केलें. तरुणाच्या पायांत पुढें सळई घालण्यांत आली, आणि कातडी शाबूत होती म्हणून जखम चिघळण्याचा प्रसंग आला नाहीं. चार महिन्यांनीं तो स्वतःच्या पायांनीं चालत, पेढ्यांचा पुडा घेऊन आपल्या चर्चमध्यें आला व गायनवृंद कोठें भेटेल असें विचारूं लागला. त्या दिवशीं गायनवृंद नेमका तालमीस आला नव्हता. त्याचें मात्र समर्थन आम्ही करणार नाहीं.

ही हकीगत येथें संपवितां आली असती. परंतु मुलांच्या मनांत जें राहिलें आहे तें याच्या पुढचें आहे, आणि आमच्याही.

झोळी टेकल्यावर त्या सहा जणांनीं आपली मजुरी मागितली. लावणीचे दिवस होते, त्यांचा अर्धा रोज बुडाला होता. जखमीच्या सोबत्यांपैकीं एकास तें रुचलें नाहीं. संकटांत पैसे कसले मागतां, असें कांहींसें तो पुटपुटला. आमच्या मतें त्यांनीं मागितले तें योग्यच केलें. दीनार म्हणजे त्या काळीं शेतमजुराची एका दिवसाची मजुरी. शोमरोन्यानें दोन दिवसांची मजुरी रोख मोजून दिली, व कमी पडल्यास परत येतांना देईन म्हणाला. दया करणाऱ्यानें खर्च दुसऱ्या गरिबावर टाकावा, असें त्या दाखल्यांत कोठेंही नाहीं. मुलांनीं परतीच्या रिक्षाचे पैसे त्यांत घातले व स्टेशनापर्यंत पायीं आलीं.

मजुरी घेतांना ते वडील गृहस्थ सहज म्हणाले कीं, ही गोधडी मागच्या महिन्यांत त्यांच्या भाचीसाठीं निघाली होती. बाळंतपणाच्या वेणा सुरू झाल्या, पाड्यापर्यंत रस्ता नाहीं, ओढ्याला पाणी. तिला याच झोळींतून खालीं आणलें. "आमचें हें पावसाळ्यांत चालूच असतें," ते म्हणाले, जणूं गवत कापण्याविषयींच बोलत असावे.

शहापूर, मुरबाड, जव्हार, मोखाडा या तालुक्यांतल्या कित्येक पाड्यांवर अजूनही आजारी माणसास व गरोदर स्त्रीस झोळींतूनच न्यावें लागतें. कल्याणहून लोकलनें तासाभराच्या अंतरावर. हौसेनें डोंगर चढणारा आपला मुलगा अडकला तर वर्तमानपत्रांत रकाना भरतो. पाड्यावरच्या बाईची झोळी छापून आलीच तर पावसाळ्यांत एखाद्या दिवशीं, कोपऱ्यांतल्या छायाचित्रांत. आपल्या मुलांना त्या दिवशीं शेजारी भेटला तो नेमका कोणता, जखमी कीं झोळी घेऊन आलेला, हें आम्ही सांगूं शकत नाहीं.

असाच पायीं जाण्याचा प्रसंग जुलै २०२३ मध्यें आला, तो सर्वांस आठवत असेल. मलंगगड, चंदेरी, माथेरान ही जी डोंगरांची ओळ आपणांस येथून दिसते, तिच्या दक्षिणेस इर्शाळगड आहे. १९ जुलैच्या रात्रीं त्याच्या कुशींतली इर्शाळवाडी दरडीखालीं गेली. वर रस्ता नव्हता, यंत्रें चढूं शकत नव्हतीं, हवा अशी कीं हेलिकॉप्टर उडेना. अंधारांत, पावसांत, चिखलाच्या पाऊलवाटेनें चढून गेले त्यांत सरकारी पथकांच्या बरोबरीनें आसपासच्या गिर्यारोहक संस्थांचे तरुण होते. नवी मुंबई अग्निशमन दलाचे एक अधिकारी ती चढण चढतांनाच हृदय बंद पडून मरण पावले. २७ प्रेतें हातीं लागलीं, ५७ माणसें सांपडलींच नाहींत, आणि २३ जुलैस शोध थांबविण्यांत आला. आज महाराष्ट्रांतल्या अशा गिर्यारोहक पथकांना जोडणारें एक समन्वय केंद्र आहे. डोंगरांत जाण्यापूर्वीं त्याचा क्रमांक मोबाईलमध्यें व कागदावरही लिहून घ्यावा, असा आमच्या वर्गाचा नियम आहे. कागदावर, कारण भिजलेला मोबाईल बोलत नाहीं.

पालकांची एक भीति आम्हांस नेहमीं ऐकावी लागते: परक्याला हात लावला आणि कांहीं बरेंवाईट झालें, तर पोलिसांचें लचांड मागें लागेल. रस्त्यावरच्या अपघातांपुरतें तिचें उत्तर स्पष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयानें २०१६ सालीं मदतकर्त्यांच्या संरक्षणाच्या सूचना बंधनकारक केल्या, व २०१९ च्या दुरुस्तीनें मोटार वाहन कायद्यांत कलम १३४-अ आलें. सद्भावनेनें मदत करणाऱ्यास त्यानें संरक्षण दिलें. कायद्याच्या इंग्रजी मजकुरांत अशा मदतकर्त्यास आपल्या दाखल्यांतल्या शोमरोन्याचेंच नांव आहे. डोंगरांतल्या अपघातास हें कलम लागू नाहीं. परंतु जो संमति देऊं शकत नाहीं त्याच्या हितासाठीं सद्भावनेनें केलेल्या कृत्यास फौजदारी कायद्यांतही, ठराविक मर्यादेंत, संरक्षण आहे. पूर्वींच्या दंडसंहितेंत तें ९२ वें कलम होतें, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेंत ३० वें आहे. तथापि कायदा पाठीशीं आहे म्हणून शिकलेल्याहून अधिक कांहीं करूं जाऊं नये. सर्पदंशाच्या बाबतींत तर आम्ही 'काय करूं नये' हेंच अधिक शिकवितों: दंशाच्या वर दोरी आवळूं नये, चिरूं नये, चोखूं नये, साप मारून आणण्यांत वेळ घालवूं नये. माणसास निजवावें, तो अवयव हलूं देऊं नये, वेळ लिहावी, आणि प्रतिविष असलेल्या रुग्णालयांत शक्य तितक्या लवकर पोंचवावें. मण्याराचा दंश कित्येकदां दुखतही नाहीं. दुखत नाहीं म्हणून घरीं निजूं देऊं नये.

आमच्या वर्गास आज वीसएक मुलें येतात. वडील मंडळीही आलीं तर आम्हांस आनंद होईल. हृदय बंद पडण्याचे प्रसंग डोंगरापेक्षां चर्चच्या बांकांवर अधिक येतात, आणि छाती दाबण्यास वयाची अट नाहीं, फक्त कोपर ताठ ठेवतां आलें पाहिजे.

पुढील वर्ग येत्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारीं, सकाळच्या मिस्सेनंतर, मागील दालनांत भरेल. फडकीं व काठ्या आम्ही आणूं. प्रत्येकानें एक जुनी पण धड गोधडी आणावी. त्या दिवशीं माहुलीच्या पाड्यावरचे दोघे झोळीची गांठ शिकवावयास येणार आहेत. आम्हीं दोनदां प्रयत्न करून पाहिला, पण ती गांठ आम्हांस अजून बांधतां येत नाहीं. भार पडला कीं सुटते. त्यांच्या जाण्यायेण्याचा खर्च व दोन दिवसांची मजुरी फादरांनीं मंजूर केली आहे. गायनवृंदानें त्या सकाळीं मिस्सेला हजर राहण्याचें कबूल केलें आहे.